खेळांतील वस्तूंचें नामांतर

घरांतला बारा-तेरा वर्षांचा मुलगा संगणकापुढें बसून खेळ खेळत असला तर वडीलमाणसांस राग येतो. पण तोच मुलगा खेळ बंद करून त्या खेळाच्या पोटांतील फाइली उघडून बसलेला दिसला, म्हणजे रागापेक्षां भीतीच अधिक वाटते. पडद्यावर आंकड्यांच्या रांगा लागलेल्या असतात, मधूनमधून एखादें ओळखीचें अक्षर डोकावतें, आणि मुलगा त्यांतील चार आंकडे खोडून दुसरे चार लिहीत असतो. हा यंत्र बिघडवतो आहे, कीं कुणाची चोरी करतो आहे, असा प्रश्न घरांत उत्पन्न होतो. बहुतेक वेळां तो या दोहोंपैकीं कांहींच करीत नसतो. खेळांतल्या एखाद्या तलवारीचें, मंत्राचें किंवा गवताच्या पात्याचें नांव त्यास पसंत नसतें, आणि तो त्या वस्तूचें नव्यानें बारसें करीत असतो.

हें बारसें दिसतें तितकें पोरकट नाहीं. नांव कुणीं ठेवावें, तें किती लांब असावें, कोणत्या भाषेंत असावें, आणि एकदां ठेवलेलें नांव बदललें असतां काय काय कोसळतें, हे सारे प्रश्न त्या चार आंकड्यांच्या मागें उभे असतात. त्यांची ओळख करून घ्यावयाची तर तीस-चाळीस वर्षें मागें जावें लागतें.

जपानांत १९८७ च्या डिसेंबर महिन्यांत स्क्वेअर या कंपनीनें 'फायनल फँटसी' नांवाचा खेळ काढला. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम यंत्रांत बसविण्याच्या एका चपट्या डबींत तो सबंध खेळ मावलेला होता: त्यांतील राक्षस, राजवाडे, संगीत, संभाषणें आणि शेंकडों वस्तूंचीं नांवें, सर्व मिळून अवघे २५६ किलोबाइट. आज खिशांतल्या फोननें काढलेलें एक साधें छायाचित्रही याच्या कित्येक पट जागा घेतें. अशा ठिकाणीं अक्षर अक्षर मोजून खर्च करावें लागे. जपानी लेखकांस तें तितकेंसें जड गेलें नाहीं. कारण त्यांच्या काना लिपींत, आपल्या बाराखडीप्रमाणें, एका चिन्हांत एक पूर्ण उच्चार बसतो. मसामुने हा जपानांतील इतिहासप्रसिद्ध तलवार घडविणारा कारागीर; त्याच्या नांवाची तलवार या खेळांत आहे. काना लिपींत तें नांव चार चिन्हांत आटोपतें. रोमन लिपींत त्यास आठ अक्षरें लागतात.

१९९० सालीं अमेरिकेंत इंग्रजी आवृत्ति निघाली तेव्हां या हिशेबाचा परिणाम दिसला. शस्त्राच्या नांवास सात अक्षरांपलीकडे जागा नव्हती. 'मसामुने'चा एक स्वर गाळून 'मस्मुने' झाली. आर्थर राजाची जगप्रसिद्ध तलवार 'एक्सकॅलिबर', तिचें मस्तक छाटून आणि मधला भाग आवळून 'एक्सकॅल्बर' असें कांहींतरी उरलें, तेंही आरंभीं केवळ एक 'एक्स' लिहून. मंत्रांच्या वांट्यास तर चारच अक्षरें आलीं. 'थंडर' हा विजेचा मंत्र 'लिट' या तुटक नांवानें वावरूं लागला. हे सर्व जागेच्या टंचाईचे बळी होत, आणि त्याबद्दल कुणास दोष देतां येत नाहीं.

परंतु एका मंत्राची गोष्ट निराळी आहे. मूळ जपानी खेळांत 'होली', म्हणजे पवित्र, या नांवाचा एक श्वेत मंत्र होता. इंग्रजींत हा शब्द चारच अक्षरांचा. जागेची मुळींच अडचण नव्हती. पण निन्टेंडो कंपनीच्या अमेरिकन शाखेचा त्या काळीं असा दंडक होता कीं, मुलांच्या खेळांत धार्मिक शब्द व चिन्हें असूं नयेत. म्हणून 'होली'चा 'फेड' झाला. पुढें १९९१ सालीं याच मालिकेंतील दुसऱ्या एका खेळांत तोच मंत्र 'व्हाइट' म्हणून आला, आणि १९९४ सालीं तिसऱ्या खेळांत 'पर्ल', म्हणजे मोतीं, म्हणून. एकाच माणसानें तीन गांवीं तीन नांवें सांगावीं तसा हा प्रकार. १९९७ सालीं निराळ्या कंपनीच्या यंत्रावर सातवा खेळ निघाला, तेव्हां कुठें तो मंत्र आपल्या खऱ्या नांवानें इंग्रजी वाचकांपुढें उभा राहिला.

आतां ज्या मुलास 'फेड' पुसून पुनः 'होली' लिहावयाचें आहे त्याचें काम पाहावें. डबींतील सर्व मजकूर संगणकावर उतरविला तर आंकड्यांची एक अखंड रांग मिळते. प्रत्येक आंकडा शून्यापासून २५५ पर्यंतचा, आणि असे आंकडे २,६२,१४४. यांत अक्षरें कुठें आहेत? सामान्य संगणकांत रोमन लिपीच्या पहिल्या अक्षरास ६५ हा क्रमांक ठरलेला आहे. पण या जुन्या खेळांनीं तो संकेत पाळलेला नाहीं. प्रत्येक खेळाची वर्णमाला खासगी. ज्यांनीं लहानपणीं अंकपल्लवीनें चिठ्ठ्या लिहिल्या असतील त्यांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं: वर्ग कितवा, वर्गांतील अक्षर कितवें, हें आंकड्यांनीं सांगावयाचें आणि किल्ली फक्त मित्रापाशीं ठेवावयाची. महानुभावांनीं तर सकळ लिपि योजून सबंध ग्रंथच्या ग्रंथ असे झांकून ठेवले होते. खेळ रचणारांचा हेतु मात्र लपविण्याचा नव्हता. अक्षरांचीं चित्रें यंत्राच्या स्मरणांत ज्या क्रमानें मांडलीं, तेच त्यांचे क्रमांक झाले, इतकेंच.

किल्ली नसतां कुलूप उघडण्याची जी रीति या क्षेत्रांतील हौशी लोकांनीं शोधली, ती कोणाही गणितशिक्षकास आवडावी अशी आहे. अक्षराचा क्रमांक ठाऊक नसला तरी दोन अक्षरांमधील अंतर ठाऊक असतें. 'फेड' या शब्दाचीं रोमन अक्षरें एफ, ए, डी, ई. एफपासून ए पांच घरें मागें, एपासून डी तीन घरें पुढें, डीपासून ई एक घर पुढें. पहिल्या अक्षरास कोणताही क्रमांक दिला तरी उणे पांच, अधिक तीन, अधिक एक हीं अंतरें ढळत नाहींत. अडीच लक्षांहून अधिक आंकड्यांच्या त्या रांगेंत जेथें जेथें हीं तीन अंतरें लागोपाठ येतील, ती ती जागा संगणक दाखवून देतो. कांहीं जागा योगायोगाच्या निघतात. कुठें चित्राचा तुकडा, कुठें संगीताचा. पण एका ठिकाणीं १४३, १३८, १४१, १४२ असे आंकडे सांपडतात, आणि शेजारीं दुसऱ्या मंत्रांचीं नांवेंही त्याच हिशेबानें वाचतां येतात. मग ए म्हणजे १३८, हें उघड झालें, आणि सबंध वर्णमाला हातीं आली. त्या चार आंकड्यांच्या जागीं १४५, १५२, १४९, १६२ लिहिलें कीं 'होली' परत आला. चार गेले, चार आले. कुणाचा धक्का कुणास लागला नाहीं.

घोटाळा होतो तो नवें नांव जुन्याहून लांब असलें म्हणजे. पुष्कळ खेळांत नांवें आगगाडीच्या डब्यांप्रमाणें एकास एक लागून ठेवलेलीं असतात, आणि कोणतें नांव कुठें सुरू होतें याची यादी निराळीच असते. पुस्तकाची अनुक्रमणिकाच म्हणा ना. मधल्या एका नांवांत दोन अक्षरें वाढविलीं तर पुढचीं सारीं पानें दोन घरें सरकतात, आणि अनुक्रमणिका जुनीच राहते. मग ढालीच्या जागीं तलवारीच्या नांवाचें शेपूट दिसूं लागतें. क्वचित् खेळच थिजून उभा राहतो. यावर उपाय एकच. अनुक्रमणिकेंतील पुढचे सर्व आंकडे दुरुस्त करावयाचे. तेथें आणखी एक गंमत आहे. या यंत्रांत मोठी संख्या दोन घरांत लिहितात, आणि तिचा लहान भाग आधीं, मोठा भाग मागून येतो. इंग्रजी बोलणारा मुलगा येथें हटकून चुकतो. मराठी मुलास ही रीति परकी वाटूं नये. 'पंचवीस' म्हणतांना आपल्या तोंडांतही पांच आधीं आणि वीस नंतरच येतात.

ही हौस केवळ दुरुस्तीपुरती राहिली नाहीं. याच मालिकेंतील पांचवा खेळ १९९२ च्या डिसेंबरांत जपानांत निघाला, आणि पुढें कित्येक वर्षें तो इंग्रजींत आलाच नाहीं. जपानी न येणाऱ्या खेळाडूस त्यांतील औषध कोणतें आणि विष कोणतें, हें कळावयास मार्ग नव्हता. शेवटीं कांहीं हौशी तरुणांनीं, ज्यांतील पुष्कळांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नव्हतें, एकेक वस्तु, एकेक वाक्य बदलून १९९८ पर्यंत सबंध खेळ इंग्रजींत आणला. कंपनीची अधिकृत इंग्रजी आवृत्ति १९९९ सालीं निघाली. तींत 'वायव्हर्न' नांवाच्या पंखवाल्या सर्पाचें नांव 'वाय बर्न' असें छापलें गेलें. जपानींत व नि ब यांचा भेद पुसट. काना लिपींतील 'वाइबान' या उच्चारावरून भाषांतरकारानें कान देऊन नांव लिहिलें, आणि डोकें बहुधा दुसरीकडे होतें. पगारी कामापेक्षां हौशी काम सरस उतरावें असे प्रसंग जगांत थोडे नाहींत, पण इतका स्पष्ट पुरावा क्वचितच मिळतो.

येथें चोरीच्या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. खेळ ही त्याच्या कर्त्याची मालमत्ता आहे, आणि बदललेला सबंध खेळ दुसऱ्यास वांटणें हा कायद्यानें अपराधच होय. हौशी मंडळींनीं यावर जी तोड काढली ती अशी, कीं खेळ वांटावयाचा नाहीं, फक्त फरक वांटावयाचा. अमक्या क्रमांकाच्या घरापासून पुढच्या चार घरांत हे चार आंकडे लिहा, एवढ्याच सूचना एका लहानशा फाइलींत ठेवतात. या फाइलीच्या एका जुन्या प्रकारांत आरंभीं 'पॅच', म्हणजे ठिगळ, हींच पांच रोमन अक्षरें लिहिलेलीं असतात. ज्याच्यापाशीं स्वतःचा खेळ आहे त्यानें तें ठिगळ घरीं लावून घ्यावें. एवढ्यानें कायद्याचें पूर्ण समाधान होतें असें म्हणतां येत नाहीं. पण दुसऱ्याची शाल उचलून नेणें आणि आपल्या शालीस ठिगळ लावणें, यांतील अंतर घरच्या वडिलांनीं तरी ध्यानांत घ्यावें. अनेकांनीं मिळून चुरशीनें खेळावयाच्या जालावरील खेळांत मात्र फाइलींस हातच लावूं नये. तेथें नांव बदललें कीं नेम साधण्याची लबाडी केली, याचा विचार करीत कुणी बसत नाहीं. खेळाडूचें खातें बंद होतें.

खेळ रचणारे स्वतःच पुढें उदार झाले. १९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या संस्थेनें 'डूम' हा खेळ काढला, तेव्हां नकाशे, चित्रें व आवाज हा सारा माल मुद्दाम निराळ्या फाइलींत ठेवला, म्हणजे खेळणारांस तो बदलतां यावा. पडद्यावर उमटणारे शब्द मात्र मुख्य कार्यक्रमाच्या आंतच राहिले. ते बदलण्यासाठीं हौशी मंडळींस वर्षभरांत निराळें साधन करावें लागलें, आणि तेथेंही नवें वाक्य जुन्याच्या जागेंतच बसवावें लागे.

हल्लींच्या मुलांचा आवडता 'मायनक्राफ्ट' या बाबतींत फार पुढें गेला आहे. स्वीडनमध्यें जन्मलेला हा खेळ २००९ सालीं लोकांपुढें आला आणि २०११ सालीं पूर्ण झाला. त्याच्या जावा आवृत्तींत वस्तूंचीं नांवें साध्या वाचनीय मजकुरांत असतात. प्रत्येक ओळीस दोन बाजू. डावीकडे खेळाचें स्वतःचें नांव, 'आयटम, मायनक्राफ्ट, डायमंड सोर्ड' असें टिंबांनीं व रेघांनीं जोडलेलें. उजवीकडे माणसाच्या डोळ्यांसाठीं नांव, 'डायमंड सोर्ड'. डावी बाजू म्हणजे दप्तरांतलें नांव, उजवी म्हणजे घरीं हांक मारण्याचें. उजव्या बाजूस हवें तें लिहावें, डावीस स्पर्श करूं नये, हा येथला पहिला नियम. २०१३ सालापासून तर मूळ फाइल उघडण्याचीही गरज उरलेली नाहीं. जेवढीं नांवें बदलावयाचीं तेवढ्याच ओळी आपल्या एका संचांत, 'रिसोर्स पॅक'मध्यें, लिहावयाच्या; बाकीचीं नांवें खेळ आपल्या मूळच्या यादींतून घेतो. एखादा स्वल्पविराम किंवा अवतरणचिन्ह चुकलें तर ती फाइल वाचली जात नाहीं, आणि नवीं नांवें दिसत नाहींत. शुद्धलेखनाची इतकी कडक परीक्षा कोणत्याही शाळेंत होत नसेल.

आणि येथें मराठीचा प्रश्न येतो. पिकॅक्स, शॉव्हल, हो हीं नांवें शहरांतील मूल अर्थावांचून घोकतें. त्यांच्या जागीं टिकाव, फावडें, कुदळ लिहून पाहावें. खेळांत खडक फोडावयास एक अवजार लागतें, माती उपसावयास दुसरें, आणि शेतजमीन मोकळी करावयास तिसरें. हा भेद खेळच शिकवितो, शब्द फक्त हजर पाहिजेत. अ‍ॅन्व्हिल ही ऐरण, फर्नेस ही भट्टी, बॅरल म्हणजे पिंप, लूम म्हणजे माग. गुरास बांधावयाची दोरी खेळांत 'लीड' म्हणून येते. तिला दावें म्हणावें. नरसाळ्याच्या आकाराची एक वस्तु वरून पडलेला माल खालच्या पेटींत सोडते, तिला इंग्रजींत 'हॉपर' म्हणतात. पाभरीवरचें चाडें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना याहून चपखल शब्द शोधावा लागणार नाहीं. ज्यांनीं पाहिलेलें नाहीं अशा मुलांना निदान तो शब्द तरी मिळेल. कोशांतून काढलेले जड संस्कृत शब्द मात्र येथें घालूं नयेत. 'खननसाधन' हातीं घेऊन कुणी खडक फोडल्याचें ऐकिवांत नाहीं.

अडचणी आहेत. इंग्रजी 'सोर्ड' पांच अक्षरांचा, आणि संगणकाच्या स्मरणांत पांच घरें घेतो. 'तलवार' लिहावयास त, ल, व, काना आणि र अशीं पांचच चिन्हें लागतात. परंतु सध्यां सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या मांडणींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन घरें लागतात, म्हणजे एकूण पंधरा. मघाचा मसामुने देवनागरींत लिहिला तर सात चिन्हें आणि एकवीस घरें. नव्या खेळांत जागेचा तुटवडा नाहीं, म्हणून याचें कांहीं वाटत नाहीं. जुन्या डबींत मात्र देवनागरी दाटीवाटीनेंही बसणें कठीण. दुसरी अडचण डोळ्यांची आहे. 'हि' लिहितांना वेलांटी डावीकडे काढतात, पण संगणक ती ह नंतर साठवितो आणि दाखवितांना मागें आणतो. ज्या खेळांत ही जोडणी केलेली नसते, तेथें अक्षरें आलीं तशीं ओळीनें मांडलीं जातात; वेलांटी ह सोडून पुढच्या अक्षराच्या गळ्यांत पडते, आणि जोडाक्षरें पाय मोडून उभीं राहतात. म्हणून शंभर नांवें लिहिण्यापूर्वीं एकच लिहून पडद्यावर पाहावें, आणि जोडणी होत नसेल तर तलवार, टिकाव, माग असे सरळ शब्द आधीं निवडावे. टिकावाची वेलांटी मात्र तेथेंही छळेल. मूळ फाइलीची प्रत बाजूस ठेवण्याविषयीं निराळें सांगावयास नको.

संचांतून दिलेलें नांव देणाऱ्यापुरतें असतें, ही त्याची मोठी सोय. दोन भाऊ दोन संगणकांवर एकाच जगांत खेळत असले, तर एकाच्या पडद्यावर टिकाव दिसतो आणि दुसऱ्याच्या पडद्यावर पिकॅक्स; वस्तु एकच. सर्वांस दिसेल असें नांव द्यावयाचें तर खेळांतल्या खेळांत ऐरणीवर जावें लागतें, आणि अनुभवानें मिळविलेल्या पायऱ्या खर्चून तें त्या एका वस्तूवर कोरून घ्यावें लागतें. कांहीं नांवांत तर खेळकर्त्यांनीं आपली थट्टा लपवून ठेवली आहे. मेंढीस 'जेब' हें नांव पुढें एक अधोरेघ जोडून दिलें, तर तिची लोकर इंद्रधनुष्याप्रमाणें रंग पालटूं लागते. 'डिनरबोन' हें नांव दिलेला प्राणी डोकें खालीं आणि पाय वर करून चालतो.

डाव्या बाजूचें नांव बदलण्याचा अधिकार मात्र खेळकर्त्यांनीं आपल्याकडे राखला आहे, आणि त्यांनाही तो जपून वापरावा लागतो. लक्षावधि मुलांनीं रचलेल्या जगांत प्रत्येक वस्तु त्याच नांवानें नोंदलेली असते. नांव बदललें आणि जुन्या नोंदी तशाच राहिल्या, तर खेळास ती वस्तु ओळखतां येत नाहीं, आणि कुणाची कित्येक महिन्यांची मेहनत पेटींतून नाहींशी होते. म्हणून अशा प्रत्येक नामांतराबरोबर, जुनें जग उघडतांच नोंदी आपोआप बदलणारी योजना द्यावी लागते. २०२० सालीं 'झाँबी पिगमन'चा 'झाँबिफाइड पिगलिन' झाला तो असाच. २०२३ च्या डिसेंबरांत गवताची पाळी आली. 'ग्रास' हें नांव जाऊन 'शॉर्ट ग्रास', म्हणजे आंखूड गवत, असें नांव दोन्ही बाजूंस आलें. जगांतील गवत होतें तेथेंच राहिलें. पण ज्या घरच्या मुलानें आपल्या संचांत त्या ओळीपुढें 'गवत' असें लिहून ठेवलें होतें, त्याला नवी आवृत्ति घेतल्यावर तेथें पुनः इंग्रजी नांव दिसूं लागलें, कारण त्याच्या ओळीचें डावें नांव आतां कुणाचेंच उरलें नव्हतें. डाव्या बाजूस 'ग्रास'च्या आधीं 'शॉर्ट' व एक अधोरेघ एवढें जोडून संच पुनः लावला, कीं गवत परत येतें.